दहाला तीनने भाग जात नाही: यीस्टमधल्या एटीपी सिंथेजचं प्रकरण

२६ नोव्हेंबर १९९९ च्या ‘सायन्स’मध्ये केंब्रिजच्या डॅनिएला स्टॉक, अँड्र्यू लेस्ली आणि जॉन वॉकर यांचा एक शोधनिबंध आला. यीस्टच्या मायटोकाँड्रियातून काढलेल्या एटीपी सिंथेजचे, म्हणजे एडीपीला फॉस्फेट जोडून पेशीचं ऊर्जेचं चलन असलेलं एटीपी बनवणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे), स्फटिक बनवून त्यांनी क्ष-किरणांनी त्याची रचना पाहिली होती. या विकराच्या पटलातल्या भागात एकाच प्रथिनाच्या अनेक प्रती गोलाकार उभ्या असतात. त्या किती, यावर बरीच वर्षं वाद चालू होता. बहुतेकांचा कौल बाराला होता, काहींचा नऊला. नकाशात निघाल्या दहा.

दोनाचा फरक, त्यात एवढं काय, असं वाटेल. पण बारा आणि नऊ हे आकडे उगाच आलेले नव्हते. त्यांच्यामागे यंत्र कसं चालतं याची एक ठाम समजूत होती, आणि दहाने नेमकी तीच मोडली.

यंत्र

एटीपी सिंथेज मायटोकाँड्रियाच्या आतल्या पटलात रुतून बसलेलं असतं. श्वसनसाखळी इलेक्ट्रॉन पुढेपुढे सरकवताना प्रोटॉनना पटलापलीकडे ढकलते. तिकडे प्रोटॉनची गर्दी होते, पटलाच्या दोन बाजूंत विद्युतभाराचाही फरक पडतो, आणि प्रोटॉन परत आत यायला वाट शोधतात. ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली. तेव्हा ती फारशी कुणी मनावर घेतली नाही. १९७८ मध्ये तिलाच नोबेल मिळालं. परतीची ती वाट म्हणजे एटीपी सिंथेज.

त्याचे दोन भाग. पटलातला तो एफ-ओ, आणि आतल्या बाजूला वर आलेला गोळा तो एफ-१. गोळ्यात अल्फा आणि बीटा अशी दोन प्रकारची प्रथिनं आळीपाळीनं मांडलेली, प्रत्येकी तीन. एटीपी तयार होतं ते तीन बीटांमध्ये. गोळ्याच्या मधोमध गॅमा नावाचा वाकडा दांडा घुसलेला असतो. तो फिरला की त्याची वाकडी बाजू एकेका बीटाला दाबते आणि बीटाचा आकार बदलतो. कोणत्याही क्षणी तीन बीटा तीन वेगळ्या अवस्थांत असतात. एकात एडीपी आणि फॉस्फेट पकडलेलं, दुसऱ्यात तयार एटीपी घट्ट धरलेलं, तिसरा रिकामा होत असलेला. दांडा १२० अंश फिरला की तिघांच्या भूमिका बदलतात. एका फेरीत तीन एटीपी.

हे चित्र पॉल बॉयर यांनी रचनेचा कुठलाही फोटो हाताशी नसताना, निव्वळ अभिक्रियांच्या मोजमापांवरून मांडलं होतं. त्यातला सगळ्यात पचायला जड भाग असा, की ऊर्जा मुख्यतः एटीपी जोडायला लागत नाही, तयार झालेलं एटीपी विकराच्या मुठीतून सोडवायला लागते. १९९४ मध्ये वॉकर यांच्या गटाने गाईच्या हृदयातल्या एफ-१ ची रचना २.८ अँगस्ट्रॉमपर्यंत (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग; आकडा जितका लहान तितकं चित्र स्पष्ट) स्पष्ट केली, आणि तीन बीटा खरोखरच तीन वेगळ्या रूपांत दिसले. १९९७ मध्ये जपानमध्ये हिरोयुकी नोजी, मासासुके योशिदा, काझुहिको किनोसिता आणि सहकाऱ्यांनी उष्णताप्रेमी जिवाणूचा एफ-१ काचेला चिकटवला, गॅमाला अ‍ॅक्टिनचा चमकणारा धागा जोडला, आणि एटीपी घालताच तो धागा सूक्ष्मदर्शकाखाली गरगर फिरताना पाहिला. त्याच वर्षी बॉयर आणि वॉकर यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. उरलेलं अर्धं येन्स स्कोऊ यांना, सोडियम-पोटॅशियम पंपासाठी.

म्हणजे वरचा गोळा कसा चालतो ते १९९७ पर्यंत कळलं होतं. दांड्याला फिरवतं कोण, हे राहिलं होतं. फिरवतं ते पटलातलं सी प्रथिनांचं कडं. प्रत्येक सी म्हणजे केसाच्या पिनेसारखी दुमडलेली साखळी: दोन लांब वेटोळी, एक कड्याच्या आतल्या अंगाला, एक बाहेरच्या. यीस्टमध्ये ही साखळी ७६ अमिनो आम्लांची आहे आणि ५९ व्या जागी ग्लुटामेट आहे, पटलाच्या जवळजवळ मध्यावर. शेजारी ए प्रथिन स्थिर उभं असतं. त्यात पटलाच्या दोन बाजूंनी आत आलेल्या दोन अर्धवट वाटा आहेत, आणि मधे १७६ व्या जागी एक आर्जिनिन. बाहेरून आलेला प्रोटॉन एका वाटेने येऊन ग्लुटामेटवर बसतो. भार गेलेलं ते ग्लुटामेट आता पटलातल्या मेदाकडे सरकू शकतं, म्हणून कडं एक घर पुढे जातं. जवळपास पूर्ण चक्कर मारून तोच सी दुसऱ्या वाटेपाशी येतो, तिथे प्रोटॉन आत सुटतो. आर्जिनिनचा धनभार मधे पहाऱ्याला असल्याने प्रोटॉनला फेरी टाळून परस्पर पलीकडे घसरता येत नाही. एका सी मागे एक प्रोटॉन. म्हणून कड्यात सी जितके, तितके प्रोटॉन एका फेरीला लागतात.

बारा का वाटले होते

आता हिशेब सरळ दिसतो. एका फेरीत तीन एटीपी. एका एटीपीमागे तीन ते चार प्रोटॉन लागतात, असं तेव्हाच्या मोजमापांतून निघत होतं. तीन धरले तर नऊ सी, चार धरले तर बारा. शिवाय वरचा गोळा तीन सारख्या भागांचा, तेव्हा खालचं कडंही तीनच्या पटीत असणार, दर १२० अंशांना दोन्ही जुळून थांबणार. हे कुणी सिद्ध केलेलं नव्हतं, पण ते इतकं देखणं होतं की सिद्ध करावं असंही फारसं कुणाला वाटलं नसावं.

बाराला प्रयोगाचा आधारही होता. विस्कॉन्सिन विद्यापीठात रॉबर्ट फिलिंगेम यांच्या गटाने ई. कोलाय जिवाणूत सी ची जनुकं दोन-दोन आणि तीन-तीन जोडून लिहिली. दोन्ही प्रकारांत यंत्र चाललं. दोननेही आणि तीननेही भाग जाणारी, अपेक्षेच्या आसपासची संख्या म्हणजे बारा. १९९८ चा हा निष्कर्ष तर्काला धरून होता.

यीस्टच का

वॉकर यांचं बहुतेक आधीचं काम गाईच्या हृदयावरचं. पूर्ण विकराचे, किंवा निदान कड्यासकटच्या तुकड्याचे स्फटिक मिळवण्यासाठी मात्र यीस्ट कामी आलं. सॅकरोमायसेस सेरेव्हिसी, म्हणजे पाव फुगवणारं तेच यीस्ट. ते हवं तितकं वाढवता येतं आणि त्याच्या जनुकांत हात घालणं सोपं आहे. पण खरा फायदा वेगळाच. हा जीव एटीपी सिंथेजशिवाय जगू शकतो. ग्लुकोज दिलं की तो आंबवण्यावर भागवतो. ग्लिसरॉल दिलं, की जे आंबवता येत नाही, तर श्वसनाशिवाय गत्यंतर नसतं आणि बिघडलेला प्रकार वाढतच नाही. म्हणजे कुठलंही उत्परिवर्तन ग्लुकोजवर सांभाळायचं आणि ग्लिसरॉलवर पारखायचं. बोरिस एफ्रुसी यांनी १९४० च्या दशकाअखेरीस पॅरिसमध्ये छोट्या वसाहतींच्या यीस्टवर काम केलं, तेव्हापासून मायटोकाँड्रियाची जनुकशास्त्रीय चिरफाड बरीचशी याच जिवावर झाली आहे. कणकेत पाव फुगतो तोही मुख्यतः आंबवण्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. तिथे या यंत्राचा वाटा थोडाच.

एक गंमत अशी की यीस्टमध्ये सी चं जनुक मायटोकाँड्रियाच्या स्वतःच्या डीएनएत आहे, ए आणि ‘८’ या प्रथिनांच्या जनुकांबरोबर. माणसात सी चं जनुक केंद्रकात गेलं आहे, तेही तीन प्रतींत. ऑलिगोमायसिन या प्रतिजैविकाला न जुमानणारे यीस्टचे प्रकार शोधले, तेव्हा बदल याच सी आणि ए च्या जनुकांत सापडले होते. का, ते २०१२ मध्ये डोळ्यांनी दिसलं: ऑलिगोमायसिन कड्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटतं आणि ग्लुटामेट-५९ झाकून टाकतं. प्रोटॉनला बसायला जागा उरत नाही.

नकाशात काय दिसलं

१९९९ चा नकाशा ३.९ अँगस्ट्रॉमचा होता. एवढ्या स्पष्टतेत अमिनो आम्लांच्या बाजूच्या फांद्या ओळखू येत नाहीत, पण वेटोळ्या म्हणजे उभे जाड खांब दिसतात. पटलाच्या बाजूने आडवा छेद घेतला की खांबांची दोन वर्तुळं, एकात एक. आतलं वर्तुळ मोजलं: दहा. बाहेरचं: दहा. वर गॅमाचा पाय आणि त्याच्या शेजारची छोटी प्रथिनं कड्याच्या माथ्यावर टेकलेली. कडं आणि दांडा एकच फिरता भाग आहेत, हे पहिल्यांदा एका चित्रात आलं.

लगेच उभी राहणारी शंका रास्त होती. विकर पटलातून काढायला साबणासारखी द्रव्यं वापरतात. त्या झटापटीत बारातले दोन सी गळून पडले नसतील कशावरून? स्फटिकात ए प्रथिन नव्हतंच, गोळ्याला बाहेरून धरून ठेवणारा बाजूचा खांबही नव्हता. ते वाटेत सुटले होते. मग दोन सी का सुटू नयेत? उत्तर कड्याच्या घडणीतच होतं. दोन सुटले असते तर तिथे खिंडार दिसलं असतं. दहा खांब समान अंतरावर, वर्तुळ बंद. बाराचं मोडलेलं कडं दहाचं होऊन इतकं नेटकं पुन्हा मिटणं पटण्यासारखं नव्हतं. तरी एका मध्यम स्पष्टतेच्या नकाशावर सगळा डोलारा उभा करायला बरेच जण तयार नव्हते, आणि माझ्या मते ते बरोबरच होते.

पुढच्या दोन-तीन वर्षांत बाजू पालटली. २००० मध्ये पालकाच्या हरितलवकातलं कडं अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं गेलं: चौदा. इल्योबॅक्टर टार्टारिकस या जिवाणूचं अकरा. २००१ मध्ये फिलिंगेम यांच्याच गटाने ई. कोलायची पसंती दहाला आहे असं दाखवून आपला बाराचा निष्कर्ष मागे घेतला. २०१० मध्ये गाईचं कडं आठाचं निघालं. अकरा, चौदा, दहा, आठ; यांतल्या एकालाही तीनने भाग जात नाही. (स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या जिवाणूचं पंधराचं आहे, तेव्हा तीनची पट निषिद्ध आहे असंही नाही.) २०१२ मध्ये यीस्टचं कडं एकट्याचं स्फटिकात बसवून २ अँगस्ट्रॉमपर्यंत पाहिलं गेलं. दहाच.

कड्यात किती सी बसणार हे सी च्या अमिनो आम्लांवरच ठरतं. आतल्या वेटोळ्या जिथे एकमेकींना खेटतात तिथे ग्लायसिनसारखी छोटी आम्लं असली की त्या दाटीवाटीने बसतात. इल्योबॅक्टरमध्ये अशा एका ग्लायसिनच्या जागी अ‍ॅलानिन घातलं तर वेगळ्या आकाराची कडी तयार झाली. वरच्या गोळ्याचं मत यात कुणी विचारत नाही.

न जुळण्याचा उपयोग

कड्याचा एक टप्पा ३६ अंशांचा, गोळ्याचा १२० अंशांचा. १२० ला ३६ ने भागलं तर ३.३३. कड्याला अर्ध्या घरात थांबता येत नाही, म्हणून तीन एटीपीसाठी ते ३, ३ आणि ४ घरं असं चालणार: १०८ अंश, १०८ अंश, १४४ अंश. वर मात्र दर वेळी १२० च हवेत. हा फरक कुठेतरी मुरला पाहिजे. तो दांड्यात मुरतो. जर्मनीत ओस्नाब्रुकला वोल्फगांग युंगे यांच्या गटाने ई. कोलायच्या यंत्रात कुठला भाग किती पिळतो ते २००८ मध्ये मोजून दाखवलं: सगळ्यात लवचिक जागा कडं आणि गॅमा यांच्या दरम्यानची, आणि बाजूचा खांब त्या मानाने ताठ. प्रोटॉन एकेक करून कडं पुढे ढकलतात, दांडा पिळत जातो, ऊर्जा त्या पिळात साठते, आणि पुरेशी साठली की वरचा बीटा एकदम रूप बदलतो.

तीनच्या पटीतलं कडं असतं तर दोन्हीकडचे थांबे एकावर एक आले असते आणि प्रत्येक थांबा खोल झाला असता. न जुळणारं कडं त्यामुळे सुरळीत फिरतं, असा युक्तिवाद केला जातो. मला तो अर्धाच पटतो. स्पिरुलिनाचं पंधराचं कडंही व्यवस्थित चालतंच. लवचिक दांडा असला की जुळणं आणि न जुळणं दोन्ही खपून जातं, एवढंच यातून खात्रीने म्हणता येतं.

आकाराचा परिणाम मात्र पक्का आहे, आणि तो सायकलच्या गिअरसारखा समजतो. समजा पटलावरचा प्रोटॉनचा एकूण रेटा १८० मिलिव्होल्ट आहे. म्हणजे एका मोल प्रोटॉनमागे साधारण १७.४ किलोज्यूल. यीस्टमध्ये एका एटीपीला दहा तृतीयांश प्रोटॉन, म्हणून ५८ किलोज्यूल हाताशी. गाईत आठ तृतीयांश, म्हणून ४६. पालकाच्या कड्याला तोच रेटा दिला असता तर ८१. मोठं कडं कमी रेट्यावरही एटीपी बनवतं, पण प्रोटॉन जास्त खातं. छोटं कडं काटकसरी, पण त्याला रेटा दमदार लागतो.

स्फटिकात जे नव्हतं

वाटेत सुटलेल्या भागांविषयी थोडक्यात. यीस्टचं पूर्ण यंत्र सतरा प्रकारच्या प्रथिनांचं आहे. बाजूचा खांब नसेल तर गोळा कड्याबरोबर नुसता फिरत राहील आणि एटीपी होणार नाही, म्हणून त्याचं काम धरून ठेवण्याचं. ए प्रथिन कड्याला कसं भिडतं ते २०१७ मध्ये टोरांटोत जॉन रुबिनस्टाइन यांच्या गटाने अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने यीस्टच्याच जोडयंत्रात पाहिलं. ए च्या लांब वेटोळ्या उभ्या नाहीत, पटलात आडव्या पडून कड्याच्या वळणाला धरून आहेत.

जोडयंत्र हा शब्द मुद्दाम वापरला. मायटोकाँड्रियात ही यंत्रं एकेकटी नसतात, दोन-दोन जोडीने असतात, आणि जोडीतली दोन एकमेकांपासून बाहेर झुकलेली. अशा जोड्यांच्या रांगा पटलाच्या घडीच्या कडेवर लागतात आणि पटल तिथे वाकतं. ई आणि जी ही दोन छोटी प्रथिनं काढून टाकली तर यीस्ट मरत नाही, पण घड्यांऐवजी मायटोकाँड्रियाच्या आत कांद्यासारखे एकात एक पापुद्रे तयार होतात. हे २००२ मध्ये दिसलं. एटीपी बनवणाऱ्या विकराकडे पटलाला आकार देण्याचंही काम असेल, हे १९९९ च्या नकाशावरून कुणाला सुचणं शक्य नव्हतं, कारण ई आणि जी त्यात नव्हतेच.

जमाखर्च

तयार एटीपी बाहेर नेऊन एडीपी आणि फॉस्फेट आत आणायला आणखी एक प्रोटॉन खर्ची पडतो. तेव्हा यीस्टमध्ये पेशीच्या हाती पडणाऱ्या एका एटीपीची किंमत ४.३३ प्रोटॉन, गाईत ३.६७. आता उत्पन्नाची बाजू. गाईत एका एनएडीएचमागे, म्हणजे श्वसनसाखळीला इलेक्ट्रॉन आणून देणाऱ्या एका वाहक रेणूमागे, दहा प्रोटॉन पलीकडे जातात. या यीस्टमध्ये मात्र श्वसनसाखळीतला पहिला मोठा पंपच नाही. त्याच्या जागी एनडीआय-१ नावाचं एक साधं विकर इलेक्ट्रॉन पुढे देतं, प्रोटॉन एकही ढकलत नाही. उरतात सहा. दहा भागिले ३.६७ म्हणजे २.७ एटीपी, आणि सहा भागिले ४.३३ म्हणजे १.४. एकाच रेणूची निम्मी किंमत.

ग्लुकोजच्या एका रेणूपासून दहा एनएडीएच आणि तसेच वाहक असलेले दोन एफएडीएच-२. यीस्टमध्ये या बाराही वाहकांचे सहा-सहाच प्रोटॉन, कारण पहिला पंप कुणालाच मिळत नाही. ७२ भागिले ४.३३ म्हणजे साडेसोळा. त्यात साखळीबाहेर थेट बनलेले चार मिळवले आणि वाहतुकीची किरकोळ वजावट केली, तर वीसच्या आसपास. अकरावी-बारावीत घोकलेला एका ग्लुकोजमागे ३८ एटीपीचा आकडा या जिवाला कधीच लागू नव्हता.

हा सगळा हिशेब कड्यातले खांब मोजून केलेला आहे. फ्रायबुर्गमध्ये पेटर ग्रेबर यांच्या गटाने उलट बाजूने मोजलं. विकर कृत्रिम पटलाच्या पिशव्यांत बसवायचं, दोन बाजूंना ठरावीक आम्लता आणि विद्युतदाब द्यायचा, आणि एटीपी बनणं व तुटणं नेमकं कुठे तोलतं ते शोधायचं. २०१२ मध्ये त्यांना यीस्टसाठी एका एटीपीमागे २.९ प्रोटॉन मिळाले, वर-खाली ०.२ ची सूट धरून. पालकाच्या हरितलवकासाठी ३.९, सूट ०.३. रचनेवरून अपेक्षित होते ३.३ आणि ४.७. मोठ्या कड्याला जास्त प्रोटॉन लागतात, हा क्रम बरोबर आला. पण दोन्ही आकडे अपेक्षेपेक्षा कमी, आणि हरितलवकाचा तर बराच.  कड्यातले खांब मोजणारे ३.३ म्हणतात, तराजू धरणारे २.९, आणि दोघांच्या हातात यीस्टचंच विकर आहे.